दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणं आता तरी बंद करा

बोरूबहाद्दर
आमच्या सहकारी बँकेच्या नेटबँकिंगचे नियम वाचा: ८ ते १२ अक्षरं, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह (चिन्हंही फक्त @, # आणि $), मागचे पाच पासवर्ड पुन्हा चालणार नाहीत, दर ४५ दिवसांनी नवा. वर पेस्ट बंद! म्हणजे जो शहाणा माणूस पासवर्ड मॅनेजर वापरतो त्यालाच शिक्षा. बाकी जनता गणेश@१२३ वरून गणेश@१२४ वर जाते आणि हे चोरालाही ठाऊक असतं.

अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलंय की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांबी वाढू द्या आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा. २००३ साली ते जुने नियम लिहिणारे बिल बर यांनीही त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आपले आयटीवाले मात्र अजून ऑडिटच्या फॉर्मात खूण करायची म्हणून लोकांना छळतात. माझं म्हणणं सरळ आहे: पासवर्ड काढा, पासकी आणा, म्हणजे फोनमध्ये साठवलेली डिजिटल चावी, जी फोनच्या लॉकने (ठसा किंवा पिन) उघडते.

काउंटर_नंबर_३
४५ दिवसांचा नियम खुळचट आहे, मान्य. पण 'पासकी आणा' म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या शाखेत दुपारभर बसावं. निम्म्या खातेदारांचा फोन नातवाच्या हातात, लॉकचा पॅटर्न घरातल्या सगळ्यांना पाठ. त्या फोनवरची पासकी नक्की कोणाची?

पासकीवाले ओटीपीलाही नावं ठेवतात, ते सोपं आहे. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली, म्हणून नुसता कार्ड नंबर चोरून इथल्या साइटवर खरेदी करता येत नाही. परदेशातल्या कितीतरी साइटवर ती आजही होते. आणि 'ओटीपी कोणाला सांगू नका' हे एक वाक्य तरी गावोगाव पोचलंय.

दूरदेशी
पोचलंय आणि तरी लोक सांगतातच, कारण समोरचा ओटीपी 'विचारत' नाही. हुबेहूब बँकेसारखं पान उघडतो, तुम्ही आपल्या हाताने त्यात टाकता, तो त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर वापरतो. पासकीत हे जमत नाही. चावी ज्या डोमेनसाठी बनली तिथेच चालते. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तर फोन ती पुढेच करत नाही. माणसाने पत्ता नीट वाचावा अशी अपेक्षाच ठेवलेली नाही. सोपं आणि सुरक्षित एकाच वेळी म्हणतात ते हे.

बाकी आम्ही टोरांटोवाले ओटीपीच्या नावाने बोटं मोडतो ते वेगळंच. भारतातलं सिम नुसतं रिचार्ज करून जिवंत ठेवायचं, आणि ऐन वेळी मेसेज येत नाही.

ऊस_आणि_ऊन
पासकी म्हटलं की लोक अंगठ्यावर येतात, म्हणून मध्ये बोलतो. आमच्याकडे रेशनच्या मशीनवर ऊसतोडीच्या बायकांचे ठसे उमटत नाहीत, बोटं झिजलेली असतात. शिवाय जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, नकली अंगठे बनवून आधारवरून पैसे काढल्याचे प्रकार काही राज्यांत झालेत. पासवर्ड बदलता येतो, बोट कुठून बदलणार?

दूरदेशी
मुद्दा रास्त आहे, फक्त ती गोष्ट निराळी. आधारवर ठसा सर्व्हरवरच्या नोंदीशी जुळवतात. पासकीत ठसा फोनबाहेर जातच नाही, तो फक्त फोनमधली चावी उघडतो. बोट चालत नसेल तर फोनचा पिन टाका.

काउंटर_नंबर_३
आणि फोनच हरवला तर? पासकी परत येते गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून. ते खातं विसरलात की पुन्हा मेसेजवर कोड! त्यातून लॉगिनच्या पानावर खाली 'पासकी चालत नाही? ओटीपी वापरा' ही ओळ असतेच. चोर पुढच्या दाराशी झटापट करत बसणार नाही, सरळ त्या ओळीवर बोट ठेवेल. डुप्लिकेट सिम काढणाऱ्याला हेच तर हवंय. पासकीवाले सगळे लॉगिनचं कौतुक करतात, 'विसरलात का?' या बटणाकडे कोणी बघत नाही.

बोरूबहाद्दर
हा मुद्दा बिनतोड आहे. पण त्यावर उपाय लोकांना जास्त सूचना देणं हा नव्हे. यूपीआय घ्या. फोनमधल्या सिमवरून मेसेज पाठवून नोंदणी, वर पिन. पडताळणी चोख. तरी 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' म्हणत लोकांना लुटलंच ना? वर्षानुवर्षं जाहिराती केल्या, 'पैसे घ्यायला पिन लागत नाही'. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली पैसे मागायची विनंतीच बंद केली. फसायची जागाच काढली.

रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांतही ओळख पटवायचे दोन घटक सक्तीचे आहेत, ओटीपीच हवा असं नाही. दार उघडं आहे, बँकांनी आत यावं.

काउंटर_नंबर_३
येऊ, पण अडथळा सगळाच काढू नका. तो योग्य जागी ठेवा. रोजच्या लॉगिनला पासकी असू दे, ४५ दिवसांची कटकट जाऊ दे. नवा फोन, नवं सिम किंवा विसरलेला पासवर्ड असेल तिथे मात्र थांबवा. नव्या फोनवर यूपीआय नोंदवल्यावर पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते, तसं. ग्राहक चिडतो, पण तेवढ्या वेळात खऱ्या मालकाचं सिम बंद पडल्याचं त्याच्या लक्षात येतं. मोठ्या रकमेला शाखेत यावं, ओळखपत्र दाखवावं.

दूरदेशी
टोरांटोहून?

काउंटर_नंबर_३
व्हिडिओ केवायसी आहे की. मॅनेजरसाहेबांनी अनिवासी खात्यांना लागू केली की कळवतो.