कॅमेरा सर्व्हिसिंगला नेमका कधी द्यावा?

गिरगावकरीण
निकॉन डी७२०० आहे. सोबत १८-१४० आणि ५० एमएम १.८ जी या दोन लेन्स. शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा) ६८ हजारांच्या आसपास. घेतल्यापासून सर्व्हिसिंग झालेलं नाही. सध्याच्या तक्रारी अशा: आकाशाच्या फोटोत दोन-तीन करडे ठिपके, व्ह्यूफाइंडरमध्ये केसासारखा काळा धागा, आणि १८-१४० ची झूम रिंग फिरवताना रवाळ लागते. दुकानवाले म्हणतात बॉडी आणि दोन्ही लेन्सची 'फुल सर्व्हिसिंग' करून टाका. खरंच लागेल का, की नुसता सेन्सर साफ करून भागेल? विसर्जनाला कॅमेरा बाहेर काढायचाच आहे. मग आधी द्यावा की नंतर?

एफ_आठ
तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे एकाच बिलात गुंडाळू नका.

व्ह्यूफाइंडरमधला धागा आधी बाजूला ठेवा. तो फोटोत येत नसेल तर आरशावर किंवा वरच्या फोकसिंग स्क्रीनवर आहे. फोटोवर त्याचा काडीचा परिणाम नाही. कॅमेऱ्याचं तोंड खाली करून ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) दोन-तीन झोत मारा. गेला तर गेला, नाही तर राहू द्या. कापूस, कापड, ब्रश काही लावू नका. स्क्रीन मऊ प्लास्टिकची असते आणि आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो. दोन्हींवर लगेच चरे उठतात.

ठिपक्यांची परीक्षा अशी घ्या: आयएसओ १००, अॅपर्चर एफ/१६ (आकडा मोठा म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहान), मॅन्युअल फोकस करून लेन्स मुद्दाम पूर्ण आउट ऑफ फोकस. पांढरी भिंत किंवा ढगाळ आकाश चौकटभर घ्या आणि शटर उघडं असताना कॅमेरा हलवा, म्हणजे भिंतीवरचे डाग पुसट होतील आणि सेन्सरवरचे तेवढे जागच्या जागी राहतील. मग संगणकावर १०० टक्के मोठं करून बघा. एफ/४ ला हे दिसणार नाहीत. धूळ सेन्सरच्या पुढच्या काचेवर बसते. अॅपर्चर मोठं असलं की प्रकाश सगळ्या बाजूंनी तिरका येतो आणि तिची सावली विरघळते. लहान अॅपर्चरला ती ठसठशीत उमटते. म्हणूनच पोर्ट्रेट काढणाऱ्याला वर्षभर काही कळत नाही आणि मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त एफ/१६ ला काढला की सगळं उघडं पडतं.

आता ठिपके वाचायचे कसे? कडा वेडीवाकडी, आकार धाग्यासारखा किंवा कणासारखा असेल तर सुकी धूळ. मेन्यूतलं 'क्लीन इमेज सेन्सर' चालवा, मग ब्लोअर. बहुतेक वेळा तेवढ्यावर जातं. ठिपका गोल, मध्ये फिका आणि भोवती गडद कडं असेल तर ते तेल किंवा सुकलेला थेंब आहे. तो ब्लोअरने हलत नाही, ओली सफाईच लागते. आणि साफ केल्यावर काहीशे फोटोंत तेच गोल ठिपके पुन्हा आले तर पुसत बसू नका, कारण तेल शटरकडून उडतंय. निकॉनच्या डी६०० ला हा त्रास इतका होता की २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचीही शटर मोफत बदलून दिली.

रवाळ झूम रिंग हे मात्र खरं सर्व्हिसिंगचं काम. बाहेर येणाऱ्या नळीत वाळूचा किंवा धुळीचा कण गेलाय. तशीच फिरवत राहिलात तर तो आतल्या खाचा झिजवतो, मग काम वाढतं.

५० एमएमला काही झालेलं नसेल तर ती उघडू देऊ नका. उगाच उघडलेल्या लेन्सला काचा पुन्हा नेमक्या केंद्रात बसवाव्या लागतात आणि ते प्रत्येकाला जमत नाही.

खाडीकाठचा
एफ_आठ यांच्याशी बाकी सगळं पटतं, पण मुंबईत वर्षातून एकदा तरी कॅमेरा दाखवून आणावा असं माझं मत. इथे खारी हवा आहे. समुद्राकाठी फोटो काढणाऱ्याने ठिपके दिसण्याची वाट बघू नये.

एफ_आठ
दाखवायला हरकत नाही, उघडायला आहे. वर्षातून एकदा एफ/१६ ची परीक्षा आणि टॉर्चने लेन्स तपासणी घरीच होते. काही सापडलं तर द्या. शटर काउंटवरूनही ठरवू नका. डी७२०० चं शटर दीड लाखाला तपासलेलं आहे. हा आकडा ओलांडला म्हणून कोणी आधीच शटर बदलत नाही. फोटोची एक बाजू काळी येऊ लागली, वरून-खालून एक्स्पोजर असमान दिसलं किंवा 'Err' वारंवार यायला लागलं की मग बघायचं.

खाडीकाठचा
बरं, 'दाखवणं' मान्य. मिठाचं तेवढं सांगतो, कारण त्यात लोक हमखास चुकतात. वरळी सी फेस किंवा हाजी अलीला भरतीच्या वेळी तुषार उडाले की घरी येऊन लेन्स क्लीनर मारतात. लेन्स क्लीनर बहुतेक अल्कोहोलचा असतो आणि अल्कोहोलमध्ये मीठ विरघळत नाही, नुसतं फिरतं. साध्या गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं सुती कापड घ्या. बॉडी, लेन्सची नळी, ट्रायपॉडची प्लेट त्याच संध्याकाळी पुसा, मग कोरड्या कापडाने. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून खारवलेला कॅमेरा कपाटात ठेवला तरी आतल्या आत गंजत राहतो. हॉट शूच्या (वर फ्लॅश बसवायच्या) खाचेत किंवा बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर तिथे सर्व्हिसिंगला पर्याय नाही.

लाट थेट अंगावर आली असेल तर चालू करून बघायचा मोह आवरा. बॅटरी काढा, कार्ड काढा आणि त्याच दिवशी घेऊन जा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. मीठ आतच राहतं, वर पिठाची भुकटी जाते.

गिरगावकरीण
परीक्षा घेतली. दोन ठिपके ब्लोअरने गेले, डावीकडे वरच्या कोपऱ्यातला गोल आहे तो जागचा हलला नाही. ओली सफाई घरी करावी का? आणि टॉर्चने लेन्स तपासणी म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगाल का?

एफ_आठ
हात स्थिर असेल तर करता येते. १६ एमएमचे, क्रॉप सेन्सरचे (तुमच्या कॅमेऱ्यातल्यासारख्या लहान सेन्सरचे) म्हणून मिळणारे सीलबंद स्वॅब, म्हणजे सेन्सर पुसायच्या चपट्या काड्या, घ्या. २४ एमएमचे फुल फ्रेमसाठी असतात, ते आत बसणार नाहीत. बॅटरी पूर्ण चार्ज करा. मेन्यूतून 'लॉक मिरर अप फॉर क्लीनिंग' निवडा. बल्ब मोडवर शटर धरून ठेवायचा जुना उपाय करू नका. बटण सुटलं की शटरचा पडदा स्वॅबवर येऊन आदळतो, आणि पडदा म्हणजे कागदासारख्या पात्या.

आधी ब्लोअर, नेहमीच. सुका कण असताना ओला स्वॅब फिरवला तर तो कणच घासला जातो. मग स्वॅबच्या कडेला सेन्सर सफाईच्या द्रवाचे दोन थेंब, जास्त नको. पाच-दहा सेकंद भिनू द्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न उचलता एकच हात, मग स्वॅबची दुसरी बाजू वापरून उलट. स्वॅब टाकून द्या. पुन्हा परीक्षेचा फोटो. पट्टे दिसले तर द्रव जास्त झाला होता, नवा स्वॅब घेऊन कमी द्रवाने करा. तीन स्वॅबनंतरही ठिपका राहिला तर थांबा.

तुमचा ठिपका फोटोत डावीकडे वर असेल तर समोरून लेन्सच्या खिडकीतून बघताना तो सेन्सरवर डावीकडे खाली असेल. वर-खाली उलटतं, डावं-उजवं तसंच राहतं.

संगणक साफ करायच्या डब्यातली हवा मारू नका, तिच्यातला द्रव थेंब होऊन चिकटतो. तोंडाने फुंकणं तर नकोच.

हे वाचूनच घाम फुटला असेल तर नुसती सेन्सर सफाई बाहेर करून घ्या. बहुतेक ठिकाणी थांबून घेता येते.

काचेचा_माणूस
लेन्स तपासणीचं मी सांगतो. तुमच्या दोन्ही लेन्स 'जी' (अॅपर्चरचं कडं नसलेल्या) आहेत, बॉडीवरून काढल्या की अॅपर्चर मिटलेलं राहतं. मागच्या कड्यावर एक छोटी धातूची कांडी दिसेल, ती बोटाने हलकेच सरकवून धरा, म्हणजे पात्या उघडतात. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा धरा आणि समोरून बघा. अशा प्रकाशात धुळीचे कण भयंकर दिसतात, त्यांना घाबरायचं नाही. पाच-दहा कणांनी फोटोत काही होत नाही. शोधायचं ते कडेकडून आत पसरणारं कोळ्याच्या जाळ्यासारखं काही. तीच बुरशी. सगळीकडे सारखं धुकं दिसत असेल तर ते बहुधा ग्रीसच्या वाफेचं आवरण असतं.

बुरशी दिसली की पावसाळा संपायची वाट बघू नका. ताजी असेल तर पूर्ण पुसली जाते. जुनी झाली की ती सोडत असलेल्या आम्लाने कोटिंग खाल्लं जातं. मग बुरशी निघाली तरी तिची नक्षी काचेवर राहते. आणि चिकटवलेल्या दोन काचांच्या मध्ये शिरली असेल तर तो काचांचा जोडच बदलावा लागतो. १८-१४० मध्ये १२ गटांत १७ काचा आहेत, तेव्हा नेमकी कुठे आहे हे आधी विचारा. खर्च त्यावर ठरतो.

बुरशी येऊ नये म्हणून: हवाबंद डबा, आत ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्के. मुंबईत जून ते सप्टेंबर कपाटात ८० च्या वर सहज जाते. सिलिका जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास भाजा, पुन्हा चालतं. चामड्याच्या पिशवीत किंवा बॅगेत महिनोन् महिने कॅमेरा ठेवू नका, ते अस्तर ओलावा धरतं. आणि कृपा करून डांबरगोळ्या नकोत. साड्यांना ठीक आहेत, त्यांची वाफ काचेवर जाऊन बसते.

एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या. काचेवर दव धरलं तर पुसू नका, आपोआप जाऊ द्या. तोवर लेन्स बदलायची नाही.

जुनी_रीळ
मध्येच विचारतो. घरात जुना फिल्म एसएलआर आहे. मागचं झाकण उघडलं की काळा चिकट गाळ हाताला लागतो. हाही द्यावा का?

काचेचा_माणूस
तो झाकणाच्या खाचेतला फोम आहे, प्रकाश अडवण्यासाठीचा. ७०-८० च्या दशकांतल्या जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात तो असाच विरघळतो. फिल्म कॅमेरा मात्र नक्की द्या: सफाई, वंगण, जुळणी तिन्ही. मंद गती, म्हणजे १ सेकंद, १/२, १/४, आधी बिघडतात, कारण आतलं वंगण घट्ट होतं. देण्याआधी मागचं झाकण उघडून १ सेकंदाला शटर दाबा आणि कानाने ऐका. अडखळलं तर तसं पावतीवर लिहून घ्या.

एफ_आठ
गिरगावकरीण ताई, मूळ प्रश्नाकडे येतो, आधी की नंतर. माझं मत: नंतर. विसर्जनाला गुलाल, वाळू, खारी हवा तिन्ही एकदम मिळणार. आधी सफाई करून काय उपयोग? फक्त १८-१४० घरी ठेवा. ती झूम करताना लांब होते आणि हवा आत ओढते, तिच्यासोबत गुलालही. आधीच रवाळ आहे. त्या दिवशी ५० एमएम लावा आणि चौपाटीवर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर गुलाल पुसू नका, आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. ओलं कापड लावलं की रंग खाचांत बसतो.

अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्ष लागतो. लग्नाची कामं नसतात, नवी खरेदी कोणी करत नाही, त्यामुळे दुरुस्तीवाल्यांकडे त्यातल्या त्यात मोकळीक असते. तुळशीच्या लग्नानंतर गेलात तर लग्नाच्या फोटोग्राफर मंडळींची रांग लागलेली असते.

५० एमएमची एक गोष्ट मात्र देण्याआधी बघा. ट्रायपॉडवर एफ/१.८ ला तीच वस्तू एकदा व्ह्यूफाइंडरने आणि एकदा लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) टिपा. लाइव्ह व्ह्यूचा फोटो सतत जास्त तीक्ष्ण आला तर ऑटोफोकसची जुळणी सरकलीय. मेन्यूत 'एएफ फाइन ट्यून' आहे, उणे २० ते अधिक २०. एवढ्यात जमलं तर घरीच मिटलं. दोन्ही लेन्स एकाच दिशेने चुकत असतील तर दोष बॉडीत आहे, ते कामात घाला.

खाडीकाठचा
देताना कार्ड, पट्टा, फिल्टर काढून ठेवा. बॉडी आणि लेन्सचे सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. सेटिंग्ज कार्डावर सेव्ह करून घ्या, रीसेट झाल्या तर परत बसवता येतात. तक्रार 'सर्व्हिसिंग' अशी एका शब्दात लिहू देऊ नका. 'सेन्सर ओली सफाई. १८-१४० झूम रिंग रवाळ, ३५ ते ५० च्या मध्ये अडकते' असं लिहा. तपासणीचे पैसे काम न करता परत घेतलं तरी लागतात का, ते आधी विचारा. वॉरंटी चालू असेल तर अधिकृत सेंटरच, बाहेर उघडलेला कॅमेरा ते नाकारू शकतात. वॉरंटी नसेल तर फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी विचारून दर काढा. 'फुल सर्व्हिसिंग'मध्ये नेमकं काय करणार, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून पुढच्या दुकानात जा.

गिरगावकरीण
मग असं करते: गोल ठिपका आणि झूम रिंग विसर्जनानंतर, ५० एमएम उघडायची नाही. रिंग ३५ च्या आसपासच अडकते, ते कसं ओळखलंत? आणि परत घेताना काय बघायचं?

खाडीकाठचा
ओळखलं नाही हो, उदाहरण दिलं होतं. जुळलं! परत घेताना काउंटरवरच एफ/१६ चा फोटो काढा आणि जुन्याशी ताडून बघा. १८-१४० साठी वर्तमानपत्राची पानं भिंतीवर सपाट चिकटवून घरी ट्रायपॉडवर फोटो घ्या, १८, ५० आणि १४० ला, अॅपर्चर पूर्ण उघडं. चारही कोपरे साधारण सारखे दिसले पाहिजेत. एकच कोपरा मऊ असेल तर काच तिरकी बसलीय, आठवड्याच्या आत परत न्या. स्क्रूंची डोकी आणि मागचं रबरही बघून घ्या. स्क्रूंवर ओरखडे असले तर घाईत उघडलंय, आणि बॉडीच्या पकडीचं रबर कडेने उचललं असेल तर तिथल्या तिथे चिकटवून मागा.