३० आठवड्यांचं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात), आज चौथा दिवस. आई-बाबांच्या हातात नेमकं काय असतं?

काजवा (प्रश्न)

बाळ गर्भारपणाचे ३० आठवडे पूर्ण होऊन सिझेरियनने जन्मलं, वजन १२५० ग्रॅम. सीपॅपवर (नाकातून सतत दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) आहे, त्या हवेत ऑक्सिजन २३ टक्के. नळीतून दर २ तासांनी २ मिली दूध, बाकी पोषण शिरेतून. कॅफिन चालू आहे. आजचं वजन ११४०. डॉक्टर म्हणतात प्रकृती स्थिर आहे.

आईचं दूध पंपाने २४ तासांत मिळून ४० मिली निघतंय. ते वाढवायला काय करायचं? सीपॅप असताना कांगारू केअर (बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणं) करता येते का, की नळ्या निघेपर्यंत थांबायचं? पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) हात घालून कुरवाळलं की बाळ दचकतं आणि मॉनिटर वाजतो. मग हात लावावा की नाही? वजन उतरतंय ते चिंतेचं आहे का?

"धीर धरा" हे सगळे सांगतात. करण्यासारखं जे असेल ते सविस्तर सांगा.

रात्रपाळी

आधी दूध, कारण बाकीच्या गोष्टी चार दिवस मागेपुढे झाल्या तरी भरून काढता येतात. दुधाला पहिले १४ दिवस फार मोलाचे. या दिवसांत स्तन जितक्या वेळा रिकामे होतील त्यावर पुढचा पुरवठा ठरतो. चौदाव्या दिवशी २४ तासांत ५०० मिली किंवा जास्त, हे लक्ष्य ठेवा. बाळाला एवढं आत्ता लागत नाही, पण दोन महिन्यांनी लागेल आणि तेव्हा वाढवायला गेलं तर फार कष्ट पडतात.

चौथ्या दिवशी ४० मिली कमी आहे, पण सिझेरियन आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती असली की दूध एक-दोन दिवस उशिरा उतरतं. पंप कोणता, यापेक्षा आधी किती वेळा ते मोजा. २४ तासांत ८ ते १० वेळा व्हायला हवं. नेहमी होणारी चूक म्हणजे दिवसातून ५ वेळा आणि प्रत्येक वेळी ४० मिनिटं. त्याने दूध वाढत नाही, स्तनाग्रं मात्र दुखावतात. दोन्ही बाजू एकाच वेळी, १५ ते २० मिनिटं, शेवटचे थेंब थांबल्यावर आणखी २ मिनिटं, एवढं पुरे. रात्री १ ते ५ च्या दरम्यान एकदा तरी काढाच, त्या वेळी दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन जास्त असतं. दिवसभरात सलग ५ तासांची झोप एकदाच. बाकीच्या वेळी ३ तासांपेक्षा मोठा खंड नको.

पंप लावण्याआधी मिनिटभर हलका मसाज करा, पंप चालू असताना गाठ लागेल तिथे हाताने दाब द्या आणि शेवटी ३-४ मिनिटं नुसत्या हाताने काढा. या शेवटच्या मिनिटांतलं दूध सगळ्यात स्निग्ध असतं. पंपाची फनेल (स्तनावर बसणारा भाग) मापाची आहे का तेही पाहा: स्तनाग्र नळीत मोकळं पुढेमागे झालं पाहिजे, भोवतालचा काळसर भाग आत ओढला जाता कामा नये. दुखत असेल तर माप चुकलंय किंवा ओढ जास्त आहे. ओढ जास्तीत जास्त ठेवायची नसते, सोसवेल तेवढीच ठेवायची.

पहिल्या दिवसांतला चीक अगदी थोडा निघाला तरी टाकू नका. पंपाच्या भागांना चिकटून बराचसा वाया जातो, म्हणून तो हाताने काढून थेट सिरिंजमध्ये घ्या. त्यातला ०.१ मिली एका गालाच्या आतल्या बाजूला आणि ०.१ मिली दुसऱ्या बाजूला लावतात, दर ३-४ तासांनी. हे पोट भरायला नाही, बाळाच्या तोंडातल्या अस्तराला आईकडची संरक्षक द्रव्यं मिळावीत म्हणून. नर्सला विचारा, बहुतेक ठिकाणी आईला स्वतः करू देतात.

दर वेळचं दूध वेगळ्या डबीत, नाव-तारीख-वेळ लिहून. कोमट दूध थंड दुधात ओतू नका. फ्रीजमध्ये जास्तीत जास्त ४ दिवस, पण तुमच्या युनिटचा नियम त्याहून कडक असेल तर तोच पाळा. गोठवलेलं वितळवलं की २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, त्याने दूध कुठे गार तर कुठे चटका बसेल इतकं गरम होतं. पंपाचे भाग धुवायला वेगळं टोपलं ठेवा, थेट सिंकमध्ये टाकू नका.

सातव्या-आठव्या दिवशीही रोजचा आकडा वाढत नसेल तर आईच्या डॉक्टरांना सांगा. प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, वारेचा राहिलेला तुकडा, थायरॉइड, अशी कारणं तपासावी लागतात. दूध वाढवायच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका.

निळीशाई

कांगारू केअरसाठी सीपॅप निघायची वाट पाहायची गरज नसते. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तेव्हा कारणच पेट्या पुरत नव्हत्या हे होतं. आता ती अडचणीतली सोय राहिलेली नाही. भारत आणि आफ्रिकेतले चार देश मिळून झालेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू त्या गटात १२ टक्के होते, आधी स्थिर होऊ देऊन मग सुरू केलेल्या गटात १५.७ टक्के. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ८ ते २४ तास, जमेल तितक्या लवकर, असं सांगितलं. तुमचं बाळ बरोबर या वजनगटात बसतं. तेव्हा "करता येईल का" असं न विचारता "आज किती वाजता करूया" असं विचारा. नाही म्हणाले तर कारण विचारा. नाभीतली नळी, रक्तदाबाचं औषध चालू असणं, अशी खरी कारणं असतात आणि ती दोन-चार दिवसांत संपतात.

बसण्याआधी लघवीला जाऊन या, पाणी प्या, फोन लांब ठेवा. समोरून उघडणारा सैल सदरा, आत काही नाही. खुर्ची थोडी मागे कललेली. बाळाला फक्त डायपर, टोपी आणि मोजे. पेटीतून उचलायला पहिल्या काही वेळा दोन माणसं लागतात: एक नर्स बाळ उचलते, दुसरी सीपॅपच्या नळ्या सांभाळते. बाळ छातीच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, हात कोपरात वाकलेले, मान एका बाजूला वळलेली आणि हनुवटी किंचित वर. ही हनुवटी सगळ्यात महत्त्वाची. मान पुढे छातीवर पडली तर श्वासनलिका दबते आणि मग सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा मॉनिटरवरचा आकडा) घसरतं. वरून रुंद पट्टा बांधा, त्याची वरची कड बाळाच्या कानाखाली येऊ द्या. नळ्या सदऱ्याला चिकटपट्टीने अडकवा.

हलवताना पहिली ५-१० मिनिटं आकडे वरखाली होतातच, त्याला घाबरून लगेच परत ठेवू नका. एकदा बसलात की तासाभराच्या आत उठू नका, बाळाचं झोपेचं एक चक्र साधारण तेवढं असतं. अर्ध्या तासासाठी काढणं म्हणजे हलवण्याचा सगळा त्रास देऊन फायदा न घेणं.

कुरवाळण्याबद्दल: ३० आठवड्यांच्या त्वचेला आणि मेंदूला हलका, फिरता स्पर्श सोसत नाही. गुदगुल्यांसारखा लागतो. हात लावाच, पण स्थिर ठेवा. दोन्ही तळवे आधी चोळून गरम करा, हळू आवाजात नाव घ्या, मग एक तळवा डोक्यावर आणि दुसरा दुमडलेल्या पायांवर, हलका दाब देऊन तसाच धरा. काढतानाही एकेक हात सावकाश. बोटं ताठ पसरणं, वारंवार जांभया, उचक्या, शिंका, अंग चट्ट्यांचं दिसणं, नजर फिरवणं म्हणजे "पुरे". हात तोंडाशी नेणं, मूठ बंद, कपाळ सैल म्हणजे बरं वाटतंय. दुधाची नळी, सुई, डायपर यांच्या वेळी तुम्ही असं धरून ठेवलंत तर बाळाच्या वेदना खरोखर कमी होतात, तेव्हा ती वेळ विचारून घ्या. आणि पेटीच्या खिडक्या दोन बोटांनी मिटवा. बाहेर साधा वाटणारा खटका आत मोठा आदळतो. वरच्या काचेवर बाटली, फाइल काही ठेवू नका.

ओंजळ

वजन: पहिल्या आठवड्यात १० टक्के, क्वचित १५ टक्क्यांपर्यंत उतरणं या बाळांत अपेक्षित असतं, ते बरंचसं पाणी असतं. तुमचं ९ टक्क्यांच्या आत आहे. १० ते १४ दिवसांत जन्माचं वजन परत येतं आणि त्यानंतर दिवसाला प्रत्येक किलोमागे १५ ते २० ग्रॅम वाढ हवी. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, वजन करताना कोणती नळी काट्यावर होती त्यानेही २० ग्रॅमचा फरक पडतो. आठवड्याची सरासरी विचारा.

अलार्म वाजला की आधी बाळाकडे पाहा, मग मॉनिटरकडे. रंग गुलाबी आहे, छाती हलतेय आणि स्क्रीनवरची लाट वेडीवाकडी आहे, तर पायाचा सेन्सर सैल झालेला असतो. श्वास २० सेकंद थांबला, किंवा त्याहून कमी थांबून हृदयाचे ठोके १०० च्या खाली आले वा सॅच्युरेशन घसरलं, तर तो खरा अॅप्निया. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून पिकलेलं नसतं, म्हणून होतो. कॅफिन त्यासाठीच. बहुतेकदा बाळ आपोआप सावरतं, नाहीतर नर्स तळपायाला हलकं चोळते. ५-१० सेकंद थांबून परत भराभर श्वास, हे वेगळं आणि निरुपद्रवी.

सॅच्युरेशन ९० ते ९५ दिसतं म्हणून नर्सला ऑक्सिजन वाढवायला सांगू नका. ऑक्सिजन चालू असताना आकडा सतत ९९-१०० असणं डोळ्यांच्या पडद्याला घातक असतं.

काजवा

खूप उपयोग झाला. आणखी दोन गोष्टी. डॉक्टर म्हणाले, दूध वाढलं की त्यात पावडर मिसळू. आईच्या दुधात मिसळायची गरज का पडते? आणि आईला तीन-तीन तासांनी उठवणं जड जातंय. कांगारू केअर मी केली तर चालेल ना?

रात्रपाळी

बाबांच्या छातीवरही बाळाचं तापमान, श्वास, ठोके तितकेच स्थिर राहतात. तेवढ्या वेळात आई झोपू शकते, म्हणून वाटून घ्याच. फक्त एक करा: आईची कांगारू केअर झाली की लगेच, शक्य तर बाळाच्या शेजारीच, पंप लावा. त्या वेळी दूध सहज उतरतं. रात्रीच्या वेळी बाटल्या, लेबलं, धुणं तुम्ही सांभाळलंत तर आईचं उठणं २५ मिनिटांत आटोपतं.

ती पावडर म्हणजे फॉर्टिफायर (आईच्या दुधात घालायची पोषक भर), फॉर्म्युला म्हणजे डब्याचं दूध नव्हे. गर्भात शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून जे प्रथिन, कॅल्शियम, फॉस्फरस मिळालं असतं, ते एवढ्याशा पोटात मावणाऱ्या दुधातून पुरं होत नाही. साधारण प्रत्येक किलोला रोज ५० ते १०० मिली दूध पचायला लागलं की ती सुरू करतात. आत्ताचं तुमचं २४ मिली म्हणजे किलोमागे जेमतेम २० मिली, ते आतड्याला कामाला लावण्यापुरतं. पुढे रोज किलोमागे २० ते ३० मिली वाढवत १५० च्या आसपास नेतात. म्हणजे १२५० ग्रॅमला दिवसाचे १९० मिली, दर २ तासांनी १६. सगळं नीट गेलं तर आठवडाभरात, पण मध्ये एक-दोन दिवस थांबवलं तर ते अपयश नव्हे. पोट ताणलेलं आणि चकाकतं, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त यातलं काही दिसलं तर डॉक्टरांची पुढची फेरी होईपर्यंत थांबू नका, त्याच क्षणी नर्सला सांगा. ही एनईसी या आतड्याच्या गंभीर आजाराची लक्षणं असू शकतात; तो मुख्यतः अशाच बाळांत होतो आणि आईच्या दुधावर त्याचं प्रमाण कमी राहतं. आईचं दूध कमी पडलं तर आधी दूधपेढीतल्या दुधाबद्दल विचारा, फॉर्म्युल्याचा नंबर त्यानंतर.

ओंजळ

डॉक्टरांच्या रोजच्या फेरीत विचारायला एक वही करा: आज दूध किती मिली, ऑक्सिजन किती टक्के, अॅप्निया किती वेळा आणि बाळ आपोआप सावरलं की हलवावं लागलं, आज कोणती नळी काढण्याचा विचार आहे. "कसं आहे" विचारलं की "ठीक आहे" एवढंच उत्तर मिळतं.

दोन तारखा आत्ताच लिहून ठेवा. डोक्याची सोनोग्राफी बाळ साधारण ७ ते १० दिवसांचं झाल्यावर. डोळ्यांची तपासणी जन्मानंतर ४ आठवड्यांच्या सुमारास. बाळ त्याआधी दुसरीकडे हलवलं किंवा घरी गेलं तरी ही दुसरी चुकवायची नाही, कारण पडद्यावरचा उपचार काही दिवसांच्या खिडकीतच करता येतो.

निळीशाई

तोंडाने पाजण्याची घाई करू नका. चोखणं, गिळणं आणि श्वास यांची सांगड (गर्भारपणापासून मोजून) ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान बसू लागते. तोवर नळीतून दूध चालू असताना बाळाला नुकत्याच रिकाम्या केलेल्या स्तनाशी धरा, नुसतं चाटू-चोखू द्या. सुरुवातीला दोन-तीन वेळा ओठ हलवून झोपी जाईल, तेवढं पुष्कळ. ही वेळ सीपॅप निघाल्यावर नर्सबरोबर ठरवा, आणि त्या आधी पंपाने पूर्ण दूध काढून घ्या, नाहीतर पहिल्याच धारेला बाळ ठसकतं.