मुंगोला डांबरी रस्ता? कशाला?

माळावरचा
परवा इथे एका काकांचा लेख आला, ऑस्ट्रेलियातल्या मुंगो नॅशनल पार्कात रविवार कसा फुकट गेला त्यावर. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: मिल्डुराहून निघाले, डांबर संपल्यावर गाडी खडखडली, टायर फुटला, पोचल्यावर चहा मिळाला नाही आणि बघायला काय, तर मातीचे ढिगारे. सबब सरकारने आधी रस्ता करावा, मग जागतिक वारसा म्हणून मिरवावं. खाली "बरं झालं सांगितलंत, वाचलो" अशी रांग लागली आहे. ती बघून राहवेना.

मिल्डुरा ते मुंगो साधारण 110 किलोमीटर. कोरड्या दिवसांत साधी गाडीही जाते. पण हायवेची हवा टायरात तशीच ठेवून, पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या रस्त्यावर शंभरने गाडी हाणली तर टायर फुटणार नाही तर काय? डांबर संपलं की थांबायचं, हवा आठ-दहा पीएसआयने उतरवायची, साठ-सत्तरवर यायचं. समोरून कोणी आलं तर आणखी हळू, नाहीतर खडा थेट काचेवर. पार्कात पेट्रोल नाही, दुकान नाही, हे जाण्याआधी कुठेही वाचायला मिळतं. थर्मास नावाची वस्तू अजून बाजारात आहे.

आता ढिगारे. मुंगोचं तळं आटून हजारो वर्षं झाली. पश्चिमेच्या वाऱ्याने त्यातली वाळू नि माती पूर्व काठावर चंद्रकोरीसारखी रचली, त्याच ह्या वॉल्स ऑफ चायना. त्याच थरांत 1968 साली मुंगो लेडी सापडली, 1974 साली मुंगो मॅन. सुमारे 42,000 वर्षांपूर्वीची माणसं! फळ्यांच्या डेकवरून दोन फोटो काढून परतलात तर ढिगारेच दिसणार. आदिवासी रेंजरबरोबरची फेरी घ्या, त्याशिवाय भिंतींवर पाय ठेवायला परवानगीच नाही. आमच्या रेंजरने वाकून दाखवली तेव्हा कळलं की पायाशी चूल आहे: काळपट वर्तुळ, भाजून नारिंगी झालेली ढेकळं, आणि कडेला तांदळाच्या दाण्याएवढं, माशाच्या कानातलं हाड. तो मासा कोणीतरी तिथे बसून खाल्ला होता.

डांबर टाका, पुढच्या सुट्टीत तिथे बसेस लागतील. कच्चा रस्ता हीच त्या जागेची राखण आहे.

बेंडिगोची_काकू
शब्दाशब्दाशी सहमत. आपल्या लोकांना सगळीकडे चहा-भजी हवीत. मागे मंडळाची सहल नेली होती, तिथे पोहे थंड होते म्हणून अध्यक्षांना अजून ऐकवतात. आणि पोहे मी केले नव्हते, हे एकदा स्पष्ट करते.

निवृत्त_नाना
तो काका मीच. चार ओळींचा प्रतिसाद तिथेच देता आला असता, त्यासाठी वेगळा धागा काढून माझी शाळा घ्यायची गरज नव्हती. असो. माझं वय 71, सोबत ही, हिचे दोन्ही गुडघे बदललेले. त्या खडखडाटात तिची काय अवस्था झाली ते तुम्हाला तुमच्या हवा उतरवलेल्या टायरांवरून कळणार नाही. वारसा फक्त धडधाकट लोकांचा असतो का?

सरळसोट
नानांच्या बाजूने एक मुद्दा, जो माळावरच्यांनी सोयीस्करपणे गाळला. भाड्याची गाडी! बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर न्यायला सरळ मनाई असते. नेलीत तर विमा गेला. माझ्याकडून एका कंपनीने पुढच्या काचेचे पूर्ण पैसे वसूल केले, का तर दाराच्या खाचेत लाल धूळ सापडली. भारतातून आई-बाबा आले, त्यांना दाखवायचं म्हटलं तर कोणत्या गाडीने न्यायचं? स्वतःची दणकट एसयूव्ही असलेल्यांनी "कच्चा रस्ता हीच राखण" म्हणणं फार सोपं आहे.

माळावरचा
माझी गाडी बारा वर्षं जुनी सेदान आहे. बाकी चालू द्या. आणि न्यायचंच असेल तर मिल्डुराहून टूर निघतात, त्यांच्या गाडीने जा.

बीडचा_पर्थवाला
मी मुंगोला गेलेलो नाही, जायची खास इच्छाही नाही. पण "रस्ता नाही म्हणून जागा टिकली" हे वाक्य वाचलं की डोकं फिरतं. आमच्या गावालाही रस्ता नव्हता. पावसाळ्यात चुलतीला बाजेवर घालून नदीपर्यंत नेलं होतं, चार जणांनी, चिखलात. तेव्हा शहरातून आलेले पाहुणे म्हणायचे, "किती छान, अजून सगळं जसंच्या तसं आहे." मुंगोच्या वाटेवर मेंढ्यांच्या स्टेशनांवर, म्हणजे मोठ्या कुरणांवर, लोक राहतात ना? पाऊस पडला की तो रस्ता बंद करतात ना? मग राखण कोणाची आणि खोळंबा कोणाचा?

माळावरचा
मुद्दा बिनतोड आहे, पण मुंगोचा नाही. स्टेशनांसाठी रस्ता हवा असेल तर ते मागतील, नानांच्या चहासाठी नको.

बीडचा_पर्थवाला
म्हणजे मान्य आहे, फक्त तोंडाने म्हणवत नाही.

हाडांचा_हिशेब
रस्त्यावर इतका धुरळा उडवताय, पण पोचून बघायचं काय? ज्यांच्यामुळे ही जागा जगाला कळली ते सांगाडे आता कोणालाच दिसणार नाहीत. मुंगो लेडी 1992 साली तिथल्या आदिवासींना परत दिली, मुंगो मॅन 2017 साली, आणि 2022 मध्ये दोघांना पुरून टाकलं, कुठे ते सांगितलेलं नाही. माणसाच्या इतिहासातला एवढा मोठा पुरावा मातीत! उद्या नवी तपासणी शोधून काढली तर करायची कशावर?

खारफुटी
पुरावा? कोणाची तरी आजी आहे ती. कॅनबेराच्या विद्यापीठात चाळीसेक वर्षं कपाटात होते मुंगो मॅन, तेवढ्यात काय तपासायचं ते तपासलं नाही का? 2017 साली त्यांना जुन्या शववाहिकेतून परत आणलं, आठ हजार वर्षं जुन्या रेड गमच्या लाकडाची पेटी करून. वाटेत गावोगावी लोक उभे होते. तुमच्या पणजोबांचं हाड कोणी कपाटात ठेवलं तर चालेल?

हाडांचा_हिशेब
माझ्या पणजोबांचं चालेल. खुशाल ठेवा. भावना बाजूला ठेवून बोलू या का? दफनाबद्दल तिथल्या वंशजांमध्येच दुमत होतं, काही जण विरोधात गेले होते. ज्यांना ते सापडले त्या भूशास्त्रज्ञ बाउलरनाही तिथे नीट स्मारक हवं होतं. म्हणजे "आदिवासींना हेच हवं होतं" हेही अर्धसत्य.

सनातन_सिडनी
एक गोष्ट कोणीच बोलत नाही. मुंगो लेडीचं दहन झालं होतं! चाळीस हजार वर्षांपूर्वी अग्निसंस्कार! आपली संस्कृती कुठवर पोचली होती बघा.

खारफुटी
आलं का हे. त्यांनी आधी जाळलं, मग हाडं फोडली, मग पुन्हा जाळलं. ती त्यांची रीत, त्यांच्या भूमीवर. बाकंजी, मुथी मुथी, न्गियाम्पा लोक अजून आहेत, त्यांना विचारा ती रीत कोणाची. सगळ्या जगाचं सोयर आपल्याच ओट्यावर कशाला?

सनातन_सिडनी
मी फक्त साम्य दाखवलं. लगेच अंगावर यायचं कारण नाही. हिंदू शब्दाचा उच्चारसुद्धा मी केलेला नाही.

हाडांचा_हिशेब
"आपली संस्कृती" म्हणजे मग नक्की कोणाची, मंडळाची?

बेंडिगोची_काकू
मंडळाला मधे आणू नका.

सरळसोट
धागा रस्त्याचा होता. आता पॉपकॉर्न घेऊन बसतो.

खारफुटी
रस्त्याचाच आहे. 2003 साली तिथे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणा सापडल्या, शेकडो. आता त्या परत वाळूखाली झाकल्या आहेत, कारण उघड्या राहिल्या तर झिजतील. बघायला प्रतिकृती आहे. झाकून ठेवणं म्हणजे लपवणं असं ज्यांना वाटतं त्यांनी रस्ता केला तरी नि नाही केला तरी पोचून चिडचिडच करायची आहे.

हाडांचा_हिशेब
पाऊलखुणा झाकल्या हे योग्य, कारण उद्या उघडता येतील. कुठे आहेत हे माहीत आहे. सांगाड्यांचं तसं नाही. एवढा फरक तरी मान्य करा.

खारफुटी
फरक आहे. तुम्हाला विचारून ठरवायचा होता असं मात्र मला वाटत नाही.

निवृत्त_नाना
हे हाडांचं वाचून हिने मला फैलावर घेतलं. तिला तो रेंजरचा फेरा करायचा होता म्हणे, मीच टायरच्या रागात गाडी वळवायला लावली. आता तिला परत जायचंय. माळावरचे, टायर नेमके किती पीएसआयवर आणायचे? पुढचे नि मागचे वेगळे का? टोमणा न मारता सांगा.

माळावरचा
दाराच्या कडेवर स्टिकर असतो, त्यावरच्या आकड्यातून आठ-दहा कमी करा, पुढे-मागे सारखेच. छोटा कंप्रेसर जवळ ठेवा, डांबरावर परत आलात की हवा भरा. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर निघूच नका, बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड आहे. अंधार पडायच्या आत परत या, कांगारू संध्याकाळी रस्त्यावर येतात. रेंज नसते, तेव्हा कोणाला तरी वेळ सांगून निघा. गुडघ्यांसाठी मागच्या सीटवर नको, पुढे बसवा.

निवृत्त_नाना
पुढेच बसते ती. गाडी तीच चालवते.