नव्या सहवैमानिकांना मिळणारे वेतन न्याय्य आहे का?

भुसावळचा पालक

माझी मुलगी यंदा भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी उत्तीर्ण झाली असून तिने वैमानिक होण्याचे पक्के ठरवले आहे. दोनशे तासांच्या उड्डाणासह सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) आणि त्यानंतर एअरबस ए३२० चे टाइप रेटिंग (त्या विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता), असा एकूण खर्च आम्हाला ८० लाखांच्या घरात सांगण्यात आला. ही सगळी रक्कम ११ टक्के दराने १० वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर महिन्याचा हप्ता १ लाख १० हजारांच्या आसपास जातो. विमान कंपन्या सुरुवातीला जे वेतन देतात, त्यातून हा हप्ता भागवून मुलीला मुंबई-दिल्लीत नीट राहता येईल का, आणि एवढ्या जबाबदारीच्या कामाचा तो योग्य मोबदला आहे असे या क्षेत्रातील मंडळींना वाटते का, हे कृपया सांगावे.

उजव्या आसनावरून

दादा, मी ए३२० वर सहवैमानिक आहे. वेतनाचा आकडा ऐकताना त्यातला किती भाग पक्का आणि किती उड्डाणाच्या तासांवर अवलंबून, हे आधी विचारावे. कंपनी महिन्याला ठरावीक तासांची हमी देते आणि त्यापुढच्या तासांचे पैसे वेगळे मिळतात. ही हमी कमी झाली की ताशी दर तोच राहूनही घरी येणारी रक्कम घटते. २०२४ च्या सुरुवातीला विस्तारा या विमान कंपनीच्या वैमानिकांमध्ये जो असंतोष उफाळला, त्याचे मूळ ७० तासांची हमी ४० तासांवर आणण्यात होते.

शिवाय हे तास विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंत मोजले जातात. पहाटे साडेतीनला गाडी दारात येते, मग हवामानाचे कागद आणि नोटॅम (विमानतळ व हवाई मार्गांबाबतच्या सूचना) वाचायचे, इंधन ठरवायचे, टॉर्च घेऊन विमानाभोवती फिरून टायर व इंजिनाची पाती तपासायची. आणि दिल्लीत धुके असेल तर प्रवासी बसवून, दारे लावून तासभर तसेच थांबायचे, तरी त्यातले एक मिनिटही उड्डाणाच्या तासांत धरले जात नाही. निवड झाल्यावर सिम्युलेटर आणि प्रशिक्षक कॅप्टनसोबतची उड्डाणे पूर्ण होईपर्यंत अनेक ठिकाणी केवळ विद्यावेतन मिळते, आणि बँकेचा हप्ता मात्र बहुधा त्याच काळात सुरू होतो. माझी पहिली दोन वर्षे वडिलांच्या निवृत्तिवेतनावर निघाली, ही गोष्ट मला अजूनही बोचते.

नागपूरचा अभियंता

मी विमान देखभालीत आहे आणि मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. प्रशिक्षण संपवून नियमित झालेल्या सहवैमानिकाचे वेतन त्याच वयाच्या देखभाल अभियंत्यापेक्षा कितीतरी जास्त असते. त्या रकमेला अन्यायकारक म्हणणे मला पटत नाही. खरा अन्याय नोकरी लागण्याआधीच्या काळात आहे. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) २०२३ मध्ये १,६२२ सीपीएल दिले, त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली आणि तिचे अनुभवी वैमानिक नवोदितांच्याच रांगेत येऊन उभे राहिले. या रांगेत थांबलेल्या मुलाला इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे (केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्याच्या पात्रतेचे) नूतनीकरण आणि वैद्यकीय तपासणी पदरमोड करून चालूच ठेवावी लागते, कर्जावर व्याज चढत राहते आणि या प्रतीक्षेचा एक पैसाही कंपनीच्या हिशेबात येत नाही. कंपनीला तयार वैमानिक हवा असतो, तर त्याला घडवण्याच्या खर्चातील वाटा तिने उचलायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

न्यू जर्सीची मावशी

अमेरिकेत हा प्रश्न एका भीषण अपघातामुळे ऐरणीवर आला. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान बफेलोजवळ कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. चौकशीत अपघाताचे कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हेच ठरले. पण सहवैमानिक तरुणीचे वेतन वर्षाला २५ हजार डॉलरच्याही खाली होते, ती सिएटलजवळ आईवडिलांकडे राहत होती आणि ड्यूटीसाठी आदल्या रात्रभर प्रवास करून नेवार्कला पोहोचली होती, हेही सुनावणीत पुढे आले. त्यानंतर सहवैमानिकासाठी १,५०० तासांच्या उड्डाण-अनुभवाची अट आली, तरी वेतनात मोठी उडी पडायला २०२२ उजाडावे लागले. वैमानिक मिळेनासे झाले तेव्हा पिडमाँट आणि एनव्हॉय या प्रादेशिक कंपन्यांनी नवोदितांचा दर ताशी ९० डॉलरवर नेला. पुरेशी झोप मिळेल असे घर नोकरीच्या गावी परवडणे, ही माझ्या मते न्याय्य वेतनाची पहिली कसोटी आहे, कारण त्याच्याशी मागे बसलेल्या प्रवाशांचाही संबंध आहे.

भुसावळचा पालक

सर्वांचे मनापासून आभार. कर्जाची सगळी रक्कम एकदम उचलावी लागू नये, यासाठी काही मार्ग आहे का?

उजव्या आसनावरून

आहे. फ्लाइंग स्कूलमध्ये पैसे भरण्याआधी मुलीची क्लास वन (व्यावसायिक वैमानिकासाठी लागणारी) वैद्यकीय तपासणी करून घ्या आणि डीजीसीएचे हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि नियम हे पेपर तिला शक्य तितके आधी सोडवू द्या, म्हणजे स्कूलमधला मुक्काम लांबत नाही. टाइप रेटिंगवर मात्र एखाद्या कंपनीने निवड केल्याशिवाय खर्च करू नका. आज ए३२० चे रेटिंग घ्याल आणि उद्या जागा एटीआर या पंख्यांच्या छोट्या विमानाच्या निघतील. निवड झाल्यावर बाँडची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची) मुदत आणि तासांची हमी लेखी मागा, आणि हमीचे तास बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते कलम स्वाक्षरीपूर्वी एखाद्या वकिलाकडून वाचून घ्या.