उशाशी मोबाइल असताना गजराचं घड्याळ कशाला? (लांबलेला प्रतिसाद)

काटेकोर
तंत्रवेडा यांनी काल एका चर्चेत लिहिलं: "उशाशी मोबाइल असताना गजराचं घड्याळ विकत घेणं ही निव्वळ हौस. ज्यांना फोन झेपत नाही त्यांनी घ्यावं." तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा.

मोबाइल वाजतो, प्रश्नच नाही. पण गजर बंद करायला तो हातात घेतला की रात्रभर साचलेले निरोप समोर. रात्री तर उलटंच: उद्याचा गजर लावायला उचललेला फोन तासाभराने खाली ठेवला जातो. घड्याळात वाचण्यासारखं काही नसतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

आता "कुठलंही घ्या" म्हणणाऱ्यांसाठी. काट्यांचं घ्यायचं तर आधी कानाला लावून बघा. दुकानातल्या गोंगाटात न जाणवणारी टिकटिक रात्री दोनला छळते. ज्यांना ती सोसत नाही त्यांनी सेकंदकाटा सलग फिरणारं घ्यावं. शिवाय तबकडी बारा तासांची, तिला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. संध्याकाळी सहाला उद्या सकाळी सातचा गजर लावून मोकळे झालात तर तो तासाभरातच बोंबलेल. आकड्यांचं असेल तर आकडे लाल आणि मंद करता येणारे हवेत. निळसर प्रकाशाने मेलाटोनिन (झोप आणणारं संप्रेरक) जास्त दबतं, लाल त्यातल्या त्यात बरा. विजेवरच्यात आत बॅटरी आहे म्हणून खूश होऊ नका. बऱ्याच घड्याळांत ती फक्त वेळ सांभाळते. वीज गेली की गजर वाजतच नाही.

तंत्रवेडा
माझं अर्धंच वाक्य उचललंत. पुढे "फोन विमान मोडवर ठेवा" असंही लिहिलं होतं. झालं की! प्रत्येक वाराला वेगळा गजर, हळूहळू चढणारा आवाज, आणि वेळ आपोआप बरोबर. तुमचं क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारं घड्याळ महिन्याला दहा-पंधरा सेकंद सहज चुकतं.

काटेकोर
तो स्फटिक बिचारा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, महिन्याला पंधरा सेकंद माफ करा त्याला. पंधरा सेकंदांनी कुठलं विमान चुकतं तुमचं?

रातकिडा
जाता जाता, विजेच्या लहरी मोजून चालणाऱ्या घड्याळांची आणखी गंमत. २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया-कोसोवो वादात युरोपातल्या वीजजाळ्याची वारंवारता ठरलेल्या ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० लहरी) किंचित खाली राहिली, आणि अशी घड्याळं जवळपास सहा मिनिटं मागे पडली. घड्याळ ठणठणीत, वेळ चुकीची. माझं मत मोबाइललाच.

मध्यरात्र
सगळे आपापल्या झोपेवर बोलताय. शेजारी झोपणाऱ्याचं काय? आमचे हे साडेपाचचा गजर लावतात, स्नूझ दाबत दाबत साडेसहाला उठतात. मी साडेपाचपासून छताकडे बघत असते. वर ऐकवतात, "तुला काय, तू लवकर उठतेसच!" स्नूझ नसलेलं घड्याळ सुचवा. लाल-निळे आकडे तुमचे तुम्हाला लखलाभ.

उशीरलतीफ
ताई, स्नूझवर घसरू नका. हे बटण १९५६ पासून आहे, उगाच नाही टिकलं. मी झटक्यात उठलो की अर्धा तास डोकं बधिर असतं.

मध्यरात्र
तुमचं डोकं बधिर होऊ नये म्हणून दुसऱ्याचं व्हावं? नऊ-नऊ मिनिटांच्या तुकड्यांना झोप म्हणत नाहीत. साडेसहालाच उठायचंय तर गजर साडेसहाचा लावा!

उशीरलतीफ
घरचं भांडण घरी मिटवा हो. विषय घड्याळाचा आहे.

मध्यरात्र
विषय घड्याळाचाच आहे. त्यावर बोट तुमच्यासारख्यांचं असतं, म्हणून लिहावं लागतं.

रातकिडा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

काटेकोर
अहो, स्नूझसाठी वेगळा धागा काढा ना! मी टिकटिकीवर एवढं लिहिलं, त्यावर एक अक्षर नाही कुणाचं.

मंद्रसप्तक
लिहावं की नको या विचारात होतो. बाबांना घड्याळातली पीं-पीं ऐकूच येईना. आम्ही आवाज वाढवत गेलो. शेजारचे उठायचे, बाबा नाही. वयानुसार उंच पट्टीचे आवाज आधी जातात, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. अमेरिकेत हॉटेलांसारख्या ठिकाणी झोपायच्या खोल्यांतल्या धुराच्या अलार्मसाठी सुमारे ३,१०० हर्ट्झच्या चिरक्या आवाजाऐवजी ५२० हर्ट्झच्या खालच्या पट्टीचा नियम आला, त्यामागे हेही एक कारण. शेवटी घड्याळाला वायरने जोडलेली, उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती घेतली. बाबा उठतात, घर झोपलेलं राहतं. मध्यरात्र, तुमच्याकडेही चालेल. आवाज बंद, फक्त त्यांची उशी हलेल.

तंत्रवेडा
मनगटावरचं स्मार्टवॉचही थरथरतं. म्हणजे पुन्हा माझाच मुद्दा.

मंद्रसप्तक
ते रोज चार्ज कोण करणार? बाबा? आणि मनगटावरची ती गुदगुली गाढ झोपेत त्यांना जाणवत नाही, तेही करून झालंय.

तंत्रवेडा
बरं बाबा. ज्यांना कमी ऐकू येतं आणि ज्यांचा स्वतःच्या अंगठ्यावर ताबा नाही, अशा दोघांनी वेगळं घड्याळ घ्यावं, हे मान्य. काटेकोर यांचा गट कोणता?

काटेकोर
दुसरा. आणि तुम्ही हा प्रतिसाद रात्री १:४० ला, विमान मोडमधून टाकलात, त्याबद्दल दंडवत.

मध्यरात्र
तुमचं चालू द्या. मंद्रसप्तक, एकच गादी असेल तर ती चकती दुसऱ्या बाजूला जाणवते का?

मंद्रसप्तक
गादीखाली ठेवलीत तर हमखास. उशीच्या अभ्र्यात घाला, मग फार नाही.

उशीरलतीफ
त्याला स्नूझ असतं का?

मंद्रसप्तक
आमच्या घड्याळाला आहे.

मध्यरात्र
झालं!