पुरातत्त्व की मानवशास्त्र? एम.ए. कशात करू, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा. बी.ए. इतिहास, शेवटचं वर्ष. पुढे डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. करायचं डोक्यात होतं, पण एका जागी घोडं अडलंय.

आमचे आजोबा सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीच्या पेवांवर (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं) हमाली करायचे. पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट रांजणासारखं. उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला तर आत हवा नाही, मग थांबायचं. 2005 च्या पुरात बरीच पेवं निकामी झाली.

मागे इनामगावच्या उत्खननाबद्दल वाचलं (ता. शिरूर, घोड नदीचा काठ, 1968 ते 83). तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वेकालीन (ताम्रपाषाणयुगातल्या) वस्तीतही धान्याची पेवं मिळालीत! पण उत्खननात हाती लागतो तो खड्डा. आत कोण उतरायचं, कधी उघडायचे, हे मातीत उरत नाही. ते पेवात उतरलेल्या माणसालाच विचारावं लागतं. मला नेमकं हेच करायचंय. याला एथ्नोआर्किऑलॉजी म्हणतात, हेही अलीकडेच कळलं.

तर यासाठी पुरातत्त्व घ्यावं, की पुणे विद्यापीठात मानवशास्त्र? नेट परीक्षेला (प्राध्यापकीसाठीची) दोन्ही विषय वेगळे आहेत, मग पुढे इकडून तिकडे जाता येतं का? (नोकरीचं काय, हे कृपया विचारू नका. तो धागा आई घरात रोज वर काढते.)

प्रतिसाद १
पुरातत्त्व घ्या. माणसांशी बोलायला पुढेही शिकता येतं. मातीचे थर वाचायला मात्र ट्रेंचमध्ये (उत्खननाच्या चरात) उन्हात बसावंच लागतं. आणि दोन विषयांमधली ही भिंत वाटते तेवढी जाड नाही. पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे दोघेही डेक्कन कॉलेजचे. गुजरातेत लांघणजला दोघांनी मिळून काम केलंय, तिथे मानवी सांगाडे निघाले होते. अर्जाचं नंतर बघा. आधी आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि एका पेवाचा मापासकट उभा छेद काढा.

धागाकर्ता
आजोबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या टोळीतले एक तात्या आहेत अजून हरिपुरात. रविवारी जातो. माप घ्यायला साधी टेप पुरेल का? आणि कंदील कुठे मिळेल?