‘विश्वासाचे बी’ पेरणे आणि औषध सोडणे: ही शिकवण शास्त्रात आहे का?

अंबडची सून

सर्वांना प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार. आमचे गाव अंबड तालुक्यात आहे. आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीतली बहुतेक कुटुंबे शेतमजुरी करतात, नाहीतर दोन-तीन एकर कोरडवाहू शेतीवर जगतात. उन्हाळ्यापासून बाहेरगावचे एक प्रचारक उपवास-प्रार्थनेसाठी आमच्याकडे येऊ लागले आहेत. त्यांचे बोलणे प्रभावी आहे आणि त्यांच्यामुळे काही घरांतले भांडण मिटले, हे मी मान्य करते. तरीही दोन गोष्टींमुळे मन थाऱ्यावर नाही.

पेरणीच्या तोंडावर त्यांनी सभेत पाकिटे वाटली. पाकिटावर वरच्या बाजूला ‘विश्वासाचे बी’ असे छापलेले होते. खाली नाव, गरज आणि रक्कम लिहिण्यासाठी तीन ओळी होत्या, आणि रकमेच्या शेजारी ‘शंभरपट’ हा शब्द आधीच छापलेला होता. माझ्या चुलत जावेने सोयाबीनच्या बियाण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या पाकिटात घातले आणि नंतर दुकानदाराकडून बियाण्याची बॅग उधारीवर आणली.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. त्यांना अनेक वर्षांपासून साखरेचा आजार आहे आणि त्या इन्सुलिन घेतात. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि ‘आता सुई टोचून घेणे म्हणजे प्रभूने दिलेले आरोग्य नाकारणे होय’ असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हापासून त्या एक वेळ सुई घेतात आणि एक वेळ टाळतात. घरात कोणी काही बोलले, तर ‘तुमच्या अविश्वासामुळे माझा चमत्कार अडेल’ असे म्हणतात.

देव बरे करतो, यावर माझाही विश्वास आहे. वडीलधाऱ्यांचा मान राखून, त्यांच्याच पवित्र शास्त्रातून त्यांना काय दाखवता येईल, ते कृपया जाणकारांनी सांगावे.

निवृत्त पाळक, जालना

ताई, तुम्ही शास्त्रातून उत्तर मागितले हे फार बरे केले. बिरुया येथील लोक प्रेषित पौलाचे म्हणणेसुद्धा रोज शास्त्रात ताडून पाहत असत आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्याबद्दल त्यांना दोष दिलेला नाही, उलट थोर मनाचे म्हटले आहे. तेव्हा प्रचारकाचे म्हणणे तपासून पाहिल्याने कोणाचा अवमान होत नाही, हे आधी घरात स्पष्ट करावे.

‘बी पेरा’ या शिकवणीसाठी बहुधा करिंथकरांस दुसरे पत्र ९:६ वाचले जाते: जो हात राखून पेरतो तो त्याच मापाने कापणी करील. हे वचन खरेच आहे. मात्र आठवा आणि नववा अध्याय सलग वाचून पाहा. पौल तेथे स्वतःच्या कार्यासाठी पैसे मागत नाही. यरुशलेमेतील गरजवंत विश्वासणाऱ्यांसाठी तो मदत गोळा करीत आहे आणि त्या रकमेबाबत कोणी बोट ठेवू नये म्हणून ती पोहोचवण्यास मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेत आहे (८:१९-२१). ९:६ च्या लगेच पुढच्या वचनात कोणी कष्टी होऊन किंवा भरीस पडून देऊ नये, असे तो सांगतो. आठव्या वचनात देव भरपूर देतो ते कशासाठी, तर प्रत्येक चांगल्या कामासाठी हाताशी असावे म्हणून. गरिबासाठी काढलेल्या वर्गणीचे वचन घेऊन गरिबाच्याच घरातले बियाण्याचे पैसे काढून घेणे म्हणजे त्या वचनाचा अर्थ उलटा करणे होय, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

मलाखी ३:१० बाबतही तेच. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, आणल्यास आकाशाच्या खिडक्या उघडण्याचे अभिवचन सर्वांना पाठ असते. त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर आणि विधवा व अनाथ यांना गांजणाऱ्यांवर देव न्यायासाठी चालून येतो, ते मात्र सभेत क्वचितच वाचले जाते. शिवाय नियमशास्त्राप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (मंदिरसेवा करणारा वंश), उपरी, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावे म्हणून गावातच ठेवायचा असे (अनुवाद १४:२८-२९). देवाने लावून दिलेल्या त्या व्यवस्थेत तुमची जाऊ कदाचित देणाऱ्यांच्या रांगेत नव्हे, घेणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली असती.

गरीब विधवेने मंदिरात आपल्या दोन दमड्या अर्पण केल्याचा प्रसंगही नेहमी सांगितला जातो. लूक २१ च्या आधीची दोन-तीन वचने वाचा. लांबलचक प्रार्थना करून विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहा, असे प्रभूने तेथे नुकतेच सांगितलेले आहे.

ही शिकवण आपल्या पूर्वजांकडून आलेली नाही, हेही लोकांना माहीत असावे. ‘विश्वासाचे बी’ ही कल्पना विसाव्या शतकात अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स यांच्या प्रचारातून पसरली आणि टीव्ही व मोबाइलमार्गे आपल्यापर्यंत पोहोचली. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणाऱ्या रेव्ह. नारायण शेषाद्रींच्या काळापासून या भागातील मंडळ्यांनी दुष्काळ पाहिले, १९७२ चाही पाहिला. अंजिराचे झाड न फुलले आणि शेतात अन्न न पिकले, तरीही मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, असे हबक्कूक ३:१७-१८ मध्ये म्हटले आहे. ज्याचे पीक गेले त्याला ही दोन वचने जवळ घेतात. ‘शंभरपट’ छापलेले पाकीट मात्र त्याला एवढेच सांगते की, तुझा विश्वास कमी पडला.

परिचारिका, बीड

वचनांचे वरती सांगून झाले आहे, म्हणून मी आजाराविषयी लिहिते, कारण येथे वेळ महत्त्वाची आहे. इन्सुलिनवर असलेल्या व्यक्तीने ते अचानक बंद केले, तर काही दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, जिवावर बेतू शकते. फार तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, खोल व जोराचा श्वास, गुंगी यांपैकी काही दिसले, तर घरी वाट पाहू नका. १०८ वर फोन करून रुग्णालयात न्या. डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दुप्पट सुई स्वतःच्या मनाने देऊ नका, त्याने साखर एकदम खाली जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लवकर दाखवून डोस पुन्हा ठरवून घ्या.

‘मला बरे वाटते’ हा पुरावा धरू नये. वाढलेल्या साखरेची जाणीव अनेकांना उशिरापर्यंत होत नाही आणि तोवर डोळे, मूत्रपिंड व पाय यांचे नुकसान होत राहते. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी आहे, ती करून घ्यावी. प्रार्थनेने खरोखर आजार गेला असेल, तर ते तपासणीत दिसेल आणि डॉक्टर स्वतः औषध कमी करतील.

सासूबाईंना लूक १७:१४ वाचून दाखवा. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे जाऊन स्वतःस दाखवण्यास सांगितले. रोग गेला की नाही, हे पाहणे त्या काळी याजकाचे काम होते. बरे करणारा प्रभूच तपासणीला पाठवतो. तपासणीला जाऊ नको, असे तो म्हणत नाही.

नांदेडचा एक बंधू

वरील मतांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. माझ्या पत्नीसाठी डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि प्रार्थनेने ती वाचली. आम्ही अडचणीत असताना अर्पण दिले आणि त्याच वर्षी मुलाला नोकरी लागली. यशया ५३:५ मध्ये त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांस आरोग्य प्राप्त झाले, असे स्पष्ट लिहिले असताना, आजार व गरिबी सहन करायला शिकवणे हे लोकांचा विश्वास खचवणारे नाही काय? काही प्रचारक लोभी असतील, पण म्हणून सर्वांना एकाच मापाने मोजू नये.

शब्बाथ शाळेचे शिक्षक, धाराशिव

बंधू, आपल्या पत्नीला देवाने जीवदान दिले याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. ती साक्ष आपण अवश्य सांगावी. यशया ५३ चा संबंध मत्तय ८:१७ मध्ये प्रभूने केलेल्या रोगनिवारणाशी जोडलेला आहे, हेही खरे. परंतु एका घरी देवाने जे कृपेने केले, ते दुसऱ्या घरी त्याने केलेच पाहिजे, असा नियम त्यातून काढता येत नाही. पौलाने शरीरातील काटा, म्हणजे त्याला सतावणारा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा राहिला, कृपा मिळाली (करिंथकरांस दुसरे पत्र १२:७-९). आपला सोबती त्रफिम याला तो मिलेतात आजारीच ठेवून पुढे गेला (तीमथ्याला दुसरे पत्र ४:२०). तीमथ्याला त्याने पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, आणि स्वतःच्या सोबत असलेल्या लूकाला तो प्रिय वैद्य म्हणतो. यांपैकी कोणाच्या विश्वासात उणीव होती, असे म्हणण्याचे धाडस आपण कराल काय?

या विषयावर मला सर्वांत मोलाचा वाटतो तो इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय, कारण तो सहसा अर्ध्यावर थांबवून वाचला जातो. चौतिसाव्या वचनात काही जण विश्वासाने तलवारीच्या धारेपासून निभावले आणि सदतिसाव्या वचनात काही जण तलवारीनेच मारले गेले. विश्वास तोच. एकोणचाळिसाव्या वचनात त्या सर्वांविषयी विश्वासाच्या द्वारे चांगली साक्ष दिलेली आहे. जो शिक्षक केवळ निभावलेल्यांची नावे घेतो, तो मारल्या गेलेल्यांच्या विधवांना ‘तुमचा विश्वास लहान होता’ असे सांगत असतो, मग तोंडाने म्हणो वा न म्हणो.

महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये मोठे आत्मिक जागरण झाले. दुष्काळातल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी याच ठिकाणी आसरा दिला होता. प्रार्थनेवर इतकी भिस्त ठेवणारी दुसरी व्यक्ती आपल्या इतिहासात सहज सापडणार नाही. त्याच रमाबाईंनी १९२१ मध्ये आपली एकुलती एक मुलगी मनोरमा हिचा मृत्यू पाहिला आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. त्या बायबलच्या भाषांतराचे काम अखेरपर्यंत करीत राहिल्या. अशा बाईला ‘तुम्ही विश्वासाचे बी पेरले नाही’ असे कोण सांगणार?

ताई, पैशांबाबत दोन गोष्टी सुचवतो. यापुढे सभेत जमा होणारे अर्पण मंडळीच्या पंचांनी सर्वांसमोर मोजावे, वहीत लिहावे आणि पावती द्यावी, असा ठराव करून घ्या. पौलाने स्वतःवर जे बंधन घालून घेतले, ते मान्य करण्यास कोणत्याही प्रामाणिक सेवकाची हरकत असू नये. आणि आपल्या जावेवर कोणी रागावू नये. तिने देवावर भरवसा ठेवून दिले, तिचा दोष नाही. शक्य असल्यास मंडळीनेच त्या बियाण्याची उधारी फेडावी. करिंथकरांच्या नवव्या अध्यायाचे पालन करण्याची ती अगदी हाताशी आलेली संधी आहे.

मधुमेह, अपस्मार, कर्करोग अशा आजारांवर चमत्काराने गुण येतो, अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मनाई आहे, हेही पंचांच्या कानावर घालावे. सभेच्या पत्रकावर असे काही छापले जात असेल, तर ते मंडळीच्या नावाने वाटू देऊ नये.

अंबडची सून

सर्वांचे मनापासून आभार. रात्री सासूबाईंच्या शेजारी बसून लूकाचा सतरावा अध्याय वाचला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. प्रचारक चुकीचे आहेत असे त्या अजून म्हणत नाहीत आणि मीही तो विषय काढला नाही. तपासणीला मात्र येते म्हणाल्या. त्यांना उद्या सकाळीच आरोग्य केंद्रात नेत आहे, आणि तोवर दोन्ही वेळची सुई डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे घेण्याचे त्यांनी कबूल केले आहे. रविवारी भक्तीनंतर पंचांची बैठक ठेवण्यास आमच्या पाळकसाहेबांनी होकार दिला आहे. तेथे करिंथकरांचे दोन्ही अध्याय आधी पूर्ण वाचावेत आणि मगच पाकिटांचा विषय घ्यावा, अशी विनंती मी त्यांना केली आहे.